सही करण्याआधी

प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार
दि. २६ नोव्हेंबर २०२५

श्री. हेमकांतभाऊ यांस,
रंजनाबाईचा नमस्कार.

आपली भेट नाही. तुमचा आवाज मी एकदाच ऐकला, तोही मध्येच तुटणाऱ्या फोनवर. पण आमचा भाग्येश रोज तुमचं काहीतरी सांगत असतो, त्यामुळे तुम्ही आमच्या घरात जेवायला बसता असंच झालं आहे.

आधी कामाचं लिहिते. हे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होत नाही तोवर तिथल्या, त्या अमेरिकेच्या बंदीखान्यातल्या, कोणत्याही कागदावर सही करू नका. भाग्येशला निरोप देताना तुम्ही म्हणाला होतात, "मी पण परत जायच्या कागदावर सही करून टाकतो. आईला एकदा बघायचं आहे." परवा सीमाही फोनवर हेच सांगत होती, की तुम्ही अगदी टेकीला आला आहात. जानेवारीत तुमची कोर्टाची तारीख आहे आणि वकील म्हणतात आशा आहे. सही केलीत तर ती आशा गेली. मग कितीतरी वर्षं तिकडे पाऊल टाकता येणार नाही, आणि तुमची बायको सीमा, मुलगी रुचिका तिकडेच राहतील. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण कंटाळलेला माणूस माहीत असलेलंच आधी विसरतो.

हे पत्र मी रुचिकाकडे पाठवते आहे, ती वकिलांच्या हाती देईल. पोरीने मला बजावलं आहे की पत्राला टाचणी नको, चिकटपट्टी नको, शाई पसरेल असं पेन नको. इतक्या सूचना मी शाळेच्या परीक्षेलाही पाळल्या नव्हत्या. तिथले लोक पत्र उघडून बघतात म्हणे. खुशाल बघू देत. मराठी वाचता येत असेल तर त्यांचंही थोडं भलं होईल.

सीमाने तुम्हाला सांगितलं असेल की तुमच्या आई दिवाळीपासून आमच्याकडे प्रकाशाला आहेत आणि इथे रेंज नाही, म्हणून बोलणं होत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

भाग्येशने आमच्या घराचं तुम्हाला किती सांगितलं ठाऊक नाही. तो माझा दीर छगन याचा मुलगा. तो लहान असतानाच त्याची आई गेली. मला मूल नाही, यजमानही लवकर गेले. त्याला आणि त्याची धाकटी बहीण रंजिता हिला मी वाढवलं. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि आयुष्यभर केळी पिकवली. भाग्येश मला मोठी माय म्हणतो. गेल्या वर्षी तो एका एजंटाच्या नादी लागून अमेरिकेला निघाला, तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की चोरवाटेने जाणारा माणूस पोचला तरी चोरच ठरतो. ऐकलं नाही.

मग त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास त्याच्याबरोबरच्या एका मुलाचा फोन आला. जंगलात नदी ओलांडताना भाग्येश वाहून गेला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, असं तो रडत रडत म्हणाला. एजंटाने फोन उचलणं बंद केलं. आम्ही वाट पाहिली. इकडे रंजिताचं लग्न ठरलेलं. तिच्या सासरचे चांगले लोक, पण त्यांनीही विचारलं की मुलगा आहे की नाही ते एकदा नक्की करा, सुतक असलेल्या घरातून मुलगी कशी न्यायची? आमचं गाव पडलं दक्षिणकाशी. चार जिल्ह्यांतले लोक आपली माणसं पोचवायला आमच्या घाटावर येतात. जे काम आमच्या दारात रोज चालतं ते आम्हाला अवघड वाटलं नाही, हीच आमची चूक. छगनने गुरुजींना विचारलं. पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला तापीकाठी अग्नी दिला, तेरावा केला, फोटोला हार घातला. मी विरोध केला का? नाही. मी पानं निवडून दिली.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. तो वाहून गेला, पण मेला नाही. दुसऱ्या टोळीने त्याला बाहेर काढलं, आणि अमेरिकेच्या हद्दीत पकडला जाऊन तो पुढे त्या तुमच्या बंदिस्त जागेत पोचला. फोन नदीत गेलेला. आमच्यापैकी एकाचाही नंबर त्याला पाठ नव्हता! आजच्या पोरांचं हे असं आहे. तो सांगतो, दुपारच्या जेवणात उकडलेला राजमा पाहून तो आपल्या बोलीत शिवी देऊन मोकळा झाला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "गाव कोणतं रे तुन्हं?" ते तुम्ही. तुम्हाला मात्र तुमच्या रनाळ्याच्या घरचा नंबर इतक्या वर्षांनी पाठ होता. तुम्ही तुमच्या वाट्याची फोनची मिनिटं खर्च करून तो लावलात आणि आईंना सांगितलंत की प्रकाशाच्या छगन पाटलांच्या घरी, पोरगा जिवंत आहे, एवढं कळव.

आता त्यांनी कसं कळवलं ते ऐका. हे त्यांनी तुम्हाला धड सांगितलं नसणार.

मे महिन्यातलं भर ऊन होतं. मी ओट्यावर होते. एक म्हातारी हातात पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली. घाटावर येणारे लोक वाट चुकून पाण्यासाठी येतात, मला वाटलं त्यातलीच. मी म्हटलं, "आजी, घाट खालच्या अंगाला आहे."

"घाटवर नई जानं मले. तुन्हाकडेच उनू मी. भाग्येश तुम्हनाच पोऱ्या ना?"

मी म्हटलं, हो, आमचाच होता. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि पाणीही न पिता म्हणाल्या, "पहिले हाऊ हार काढ. पोऱ्या जित्ता शे."

मी काय केलं असेल? त्यांना खाली बसवलं आणि उलटतपासणी घेतली. हल्ली फोनवरून लोकांना फसवतात, त्यामुळे माझा विश्वास बसेना. कोणी सांगितलं, कुठून सांगितलं, पुरावा काय? त्या शांतपणे म्हणाल्या की त्याच्या डाव्या कानामागे भाजल्याचा डाग आहे, तो माझ्या हेमकांतने पाहिला. तो डाग माझ्या चुलीचा आहे, भाऊ. मी उठले आणि हार काढला. इतक्या जोरात ओढला की खिळाही निघून आला.

नंतर मी विचारलं, एवढ्या उन्हात दोन एसट्या बदलून का आलात, फोन का नाही केला? म्हणाल्या, "अशी गोट फोनवर सांगतस का? त्वांडेत्वांड सांगनी पडस." म्हणून हेही मी फोनवर सांगत नाही, लिहिते आहे.

त्याच दिवशी मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारला. तुरुंग म्हटलं की माझ्यासारखीला आधी गुन्हा दिसतो. मी विचारलं, "तुमचा मुलगा कशात अडकला? गुन्हा काय त्याचा?"

"तठे ऱ्हायना," त्या म्हणाल्या. "हाऊच गुन्हा."

तिथे कागदाविना राहिला, एवढंच. पंचवीस वर्षं लॉजवर रात्रपाळीला लोकांना खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, कर भरला, मुलगी शाळेत घातली, आणि गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून थांबवलं ते थेट आत. मला त्या क्षणापर्यंत तुमचा थोडा राग होता, की आईला टाकून एवढी वर्षं राहिला. कागद नसलेला माणूस एकदा बाहेर पडला तर परत शिरू शकत नाही, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

जुलैत भाग्येश आला. दिल्लीच्या विमानतळावर छगन घ्यायला गेला होता. हातात, कमरेला, पायात साखळ्या घालून त्यांना विमानात बसवलं होतं, उतरायच्या आधी काढल्या. मनगटावर वळ होते. गावात बातमी त्याच्या आधी पोचली. "बेड्या घालीसन आनात, काईतरी करेलच व्हई," असं माझ्या देखत बोलणारे निघाले. पोलीस स्टेशनला दोनदा जबाबासाठी बोलावलं. त्यात आमचा आधीचा पराक्रम होताच. तलाठ्याकडे तो जिवंत होता, घाटावर मेलेला. न्हावी हात लावेना, रंजिताच्या सासरी कुजबुज. आणि पोरगा स्वतः घरात येईना. केळी भरायच्या शेडमध्ये झोपायचा. भिंतीवर फोटोच्या जागी नुसता चौकोन उरला होता, ओट्यावरून तिकडे बघत राहायचा. एक दिवस म्हणाला, "मोठी माय, तिथे पण मला नंबरच होता, नाव नव्हतं. इथे पण मी नाहीच."

गुरुजी म्हणाले, ज्याचे दिवस घातले तो परत आला तर त्याला पुन्हा जन्म द्यावा लागतो. शास्त्रात आहे. तापीत न्हाऊ घालायचं, कोऱ्या कापडात गुंडाळायचं, बाईने मांडीवर घ्यायचं, मध-तूप चाटवायचं, कानात नाव सांगायचं. मी म्हटलं, मूर्खपणा आहे, पण करा. पोरगं घरात येणार असेल तर मी त्याला पाळण्यातही घालते. तेव्हा गुरुजी जरा चाचरत म्हणाले की मांडीवर घेणारी बाई जिवंत मुलाची आई असावी लागते.

हे वाक्य मी ऐकून घेतलं. मी एरवी ऐकून घेत नाही.

तुमच्या आई तिथेच बसल्या होत्या. भाग्येशला पाहायला आल्या होत्या, त्याने तुमची खुशाली सांगावी म्हणून. त्या पदर खोचून उठल्याच. "मी लेस ना मांडीवर."

श्रावणात घाटावर हे झालं. गर्दी ही एवढी. गुरुजींनी विधी म्हणून विचारलं, "बाई, तुमचा मुलगा हयात आहे का?" तुमच्या आईंनी पायऱ्यांवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "शे ना! बंदीखानामा शे, पन जित्ता शे. चोरी नई, चकारी नई. कागद नई त्यानाकडे, एवढंच!" इतके दिवस भाग्येश खाली बघून चालायचा. त्याने त्या वेळी पहिल्यांदा मान वर केली.

मग अठ्ठावीस वर्षांचा, सहा फुटी घोडा पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांच्या मांडीवर. मांडी एवढीशी, पोरगं अर्धं पायरीवर. मागून कोणी ओरडलं, "आते याले बालवाडीमा टाका रे!" लोक हसले, आणि भाग्येशही हसला. नाव तेच ठेवलं. पुढच्याच आठवड्यात राखी बांधताना रंजिताने त्याला विचारलं, "आता मोठी मी की तू?"

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या जेवणाचं. भाग्येश ताटावर वाकून तोंड खाली नेऊन जेवायचा, हात मांडीजवळच. मला वाटायचं, परदेशातली वाईट सवय. मी दोनदा रागावलेही होते. तुमच्या आईंनी एकदाच पाहिलं आणि त्यांना कळलं. हात कमरेला बांधलेले असताना असंच खाता येतं. तिथे ते तुम्हीच त्याला शिकवलंत, उपाशी राहू नये म्हणून. त्यांनी त्याचं मनगट धरलं, घास उचलायला लावला आणि तोंडापर्यंत नेला. "हात त्वांडकडे लई जा बेटा. त्वांड हातकडे नको." पहिले चार घास असे भरवले. त्या रात्री तो माजघरात झोपला.

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. वाढवला मी आणि मांडी दुसरीची. भांडी आवरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असावं. म्हणाल्या, "पोऱ्या तुन्हाच शे, रंजना. मी तं नुसता अंगठा दिन्हा." मला नुसत्या नावाने हाक मारणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं.

त्यानंतर भाग्येश दर आठवड्याला रनाळ्याला जायचा. पन्हळी बदलल्या, मागच्या दाराला कडी लावली. त्यांना आमच्याकडची हिरवी मिरची फार आवडायची, ती नेऊन द्यायचा. तुमच्या घराची किल्ली आता त्याच्याकडे आहे. शेळी आमच्याकडे आणली आहे, दूध बरं देते, तिची काळजी करू नका.

हेमकांतभाऊ, प्रकाशाला रेंज भरपूर आहे.

तुमच्या आई, गजराबाई, तुळशीच्या लग्नानंतर आमच्याच घरात वारल्या. हृदय अशक्त झालं होतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं, म्हणून भाग्येश त्यांना इकडे घेऊन आला. दुपारी जेवल्या, शेळीला पाला टाकला, खाटेवर आडव्या झाल्या. चहाला हाक मारली तेव्हा उठल्या नाहीत. त्रास झाला नाही. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी शेजारच्या खोलीत होते.

तुम्हाला सांगू नका, हे सीमाला मीच सांगितलं. तुमचा फोन दहा मिनिटांनी तुटतो. असली बातमी तुटणाऱ्या फोनवर देऊन तुम्हाला त्या बाकावर एकटं सोडायचं नव्हतं. शिवाय तुम्ही त्याच तिरमिरीत सही केली असती. खोट्याचा दोष माझा. सीमाला काही बोलू नका.

आता त्यांचा निरोप. त्यांनी तो मला जाण्याच्या आधी तीन-चार दिवस दिला. आम्ही ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी म्हटलं, हेमकांतभाऊ म्हणतात सही करून येतो, येऊ देत का? त्या शेंगा सोलतच होत्या. "त्याले सांग, मन्हासाठे सही करू नको. पोरले सोडीसन उना तं मन्हं त्वांड देखीसन काय करी तो?"

मी म्हटलं, पण मुलगा हवा असतो शेवटी. अग्नी कोण देणार?

तेव्हा त्या माझ्याकडे बघून हसल्या. दात दोनच होते, पण हसू काय लबाड! "अठे शे ना एक पोऱ्या मन्हा. मी त्याले मांडीवर फुकट लिन्हा का?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. घाटावर त्या पदर खोचून उठल्या तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारी भोळी आहे, पुढे पुढे करते. भोळी मी. त्यांनी तापीच्या काठावर शंभर माणसांदेखत, मंत्र म्हणून, स्वतःला दुसरा मुलगा करून घेतला होता. पहिल्याला यावं लागू नये म्हणून. आमचं मेलेलं पोर त्यांनी जिवंत केलं, आणि त्याच वेळी तुम्हाला मोकळं केलं.

भाग्येशने अग्नी दिला. डोक्याचे केस काढले. दहावा, तेरावा सगळं त्याच घाटावर केलं, त्याच पायरीवर. कोणी एक शब्द काढला नाही. तो त्यांचा मुलगा होता हे सगळ्यांनी पाहिलेलं. थोड्या अस्थी तुमच्यासाठी ठेवाव्यात असं छगन म्हणत होता. पण त्यांनी आधीच नको सांगितलं होतं. ठेवल्या तर तो त्यासाठी येईल, म्हणाल्या. म्हणून ठेवल्या नाहीत. सगळ्या तापीत दिल्या. इथे तुम्हाला उरकायचं असं काहीही उरलेलं नाही.

बातमी कळल्यावर अंघोळ करायची असते. तिथे अंघोळीची वेळ ठरलेली असते असं भाग्येश सांगतो. वेळ नसेल तर तोंडावर पाणी मारा. पुरे आहे. रडू आलं तर रडून घ्या. तिथे भाऊ म्हणावं असं कोणी असेल तर त्याच्याजवळ बसा. आमच्या पोराजवळ तुम्ही बसला होतात.

कोर्टात काय होईल ते मला माहीत नाही, आणि उगाच धीर देण्याची मला सवय नाही. त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं तर रुचिकाजवळ राहा. त्यांनीच पाठवलं, तर भाग्येश दिल्लीला येईल आणि रनाळ्याचं घर उघडं असेल. पण तुम्ही आपल्या हाताने दार लावून घेऊ नका. ज्या एका कारणासाठी लावणार होतात, ते कारण स्वतःच नको म्हणून गेलं.

तुमचे आभार मानायला म्हणून मी पत्र सुरू केलं आणि ते राहूनच जातंय. मला आभार मानता येत नाहीत. भाग्येश आत्ता समोर बसून जेवतो आहे, पाठ ताठ ठेवून, हात तोंडाकडे नेऊन. हे मी रोज बघते. याच्यापुढे आणखी काय लिहू?

एक हिशेब मात्र नात्याचा आहे, तो स्पष्ट करते. भाग्येश तुमच्या आईचा मुलगा झाला, म्हणजे तो तुमचा भाऊ. त्याची मी मोठी माय. मग तुम्हाला अहो-जाहो करत बसण्याचं मला काही कारण दिसत नाही.

म्हणून हेमकांत, नीट ऐक. उत्तर लांबलचक नको. "सही केली नाही," एवढी एकच ओळ लिही आणि रुचिकाकडे दे. त्या ओळीखाली मात्र सही कर, म्हणजे मला कळेल की तूच लिहिलंस.

भाग्येशची आणि आता तुझीही,
मोठी माय